दिल्लीच्या उन्हाळ्यात कॅराव्हॅनच्या छतावरील वातानुकूलन यंत्र

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. मुक्कामाची सोय असलेल्या वाहनाने हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंडकडे निघालेल्या मराठी प्रवाशांची एखादी रात्र बहुधा दिल्ली परिसरात जाते. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा सोहना-दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाल्याने गुरुग्रामपर्यंतची वाट सुकर झाली आहे. मात्र मे आणि जून महिन्यांतील हा मुक्काम छतावरील वातानुकूलन यंत्राची कसोटी पाहणारा ठरतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते.

भारतात वातानुकूलन यंत्राची क्षमता सर्वसाधारणपणे बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजली जाते. पारा ४५ अंशांवर गेला की तेच यंत्र कमी थंडावा देते आणि वीज मात्र अधिक घेते. शिवाय कॅराव्हॅनमधील यंत्र छतावर असते. उन्हात तापलेल्या पत्र्यालगतची हवा सभोवतालच्या हवेपेक्षाही उष्ण असते आणि यंत्राला आतील उष्णता याच हवेत सोडावी लागते. त्यामुळे उष्णता आत येऊच न देणे, हा बचतीचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे.

वाहन दुपारनंतर सावलीत येईल अशा जागी उभे करावे. पुढील मोठी काच पश्चिमेकडे ठेवू नये व तिच्यावर बाहेरून चकाकणारे आच्छादन घालावे. आतील पडदा त्यापेक्षा कमी उपयोगी पडतो, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेले असते. छत पांढरे असल्यास फरक जाणवतो. सायंकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. स्वयंपाक शक्यतो बाहेर करावा. तापमान १८ अंशांवर ठेवल्याने गारवा लवकर येतो हा केवळ समज आहे. एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये सांगितले होते. २४ ते २६ अंश पुरेसे असतात.

विजेचा हिशेब मात्र कठोर आहे. एक टनाचे यंत्र सुमारे १.२ किलोवॅट वीज घेते, असे धरू. रात्रीच्या आठ तासांत काँप्रेसर निम्मा वेळ चालला, तरी जवळपास पाच युनिट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट साठतात आणि त्यांपैकी निम्मेच वापरणे बॅटरीच्या हिताचे असते. छतावर यंत्रानंतर उरलेल्या जागेत सौर पट्ट्या बसवल्या, तरी रात्रभराची गरज भागणे अवघड आहे. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी भूसंपर्कन असलेली १६ अँपिअरची जोडणी मिळेल का, याची आधीच चौकशी करावी. जोडतार जाड असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडावी, अन्यथा ती तापते. वीज जाऊन परत आल्यास किमान तीन मिनिटे थांबून यंत्र सुरू करावे.

वीज न मिळाल्यास जनरेटर रात्रभर चालू ठेवून झोपण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन व्यक्ती मृतावस्थेत आढळल्या. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साईड वायू वाहनाच्या तळातून आत शिरल्याचे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या तपासणीत निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, गंधही नाही. छतावरील यंत्र बहुधा आतलीच हवा फिरवते, बाहेरची ताजी हवा घेत नाही. त्यामुळे गारवा जाणवत असतानाच विषबाधा होऊ शकते. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे. झोपण्याच्या जागेजवळ या वायूची सूचना देणारे उपकरण बसवावे आणि हवा खेळती राहील असा झरोका उघडा ठेवावा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची ध्वनिमर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर भारतातील धुळीची वादळे हा आणखी एक त्रास आहे. वादळ येऊन गेल्यावर गाळणी धुवावी आणि छतावरील जाळीत अडकलेली धूळ मऊ ब्रशाने काढावी. पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास तेथील पातळ पट्ट्या वाकतात.

जुलैमध्ये पाऊस आला की प्रश्न बदलतो. तापमान उतरते, पण दमटपणा वाढतो. मे महिन्यात दिल्लीकरांना दिलासा देणारे वाळ्याच्या ताट्यांचे कूलर या दिवसांत निरुपयोगी ठरतात. अशा वेळी पंख्याची गती कमी ठेवावी, म्हणजे हवेतील बाष्प अधिक निघते. काँप्रेसर थांबल्यावर पंखाही थांबेल अशी योजना असावी, नाहीतर शीतपट्ट्यांवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. वाहन समतल जागी उभे असल्याची खात्री करावी. ते कलते असल्यास निचऱ्याचे पाणी छतातून थेट बिछान्यावर ठिबकू लागते.