न मागता मिळालेले अक्षर

‘डिफॉल्टर’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पतपेढीच्या नोटीस बोर्डामुळे माहीत झाला. ज्याने कर्जाचा हप्ता भरला नाही, तो डिफॉल्टर. कोर्टातही या शब्दाचे जुने नाते आहे. तारखेला पक्षकार हजर राहिला नाही, की त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो. आपण त्याला एकतर्फी निकाल म्हणतो. संगणकवाल्यांनी हाच शब्द उचलला. तुम्ही काहीच सांगितले नाही, तर यंत्राने काय करायचे हे आधीच ठरवून ठेवलेले असते. त्या ठरवून ठेवलेल्या गोष्टीला ते ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

संगणकावर लिहायला कोरे पान उघडले, की ते कोरे आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या पानाचे बरेच काही ठरून गेलेले असते. अक्षर कोणते, किती मोठे, समास किती, दोन ओळींत अंतर किती, मजकुराची भाषा कोणती. ‘वर्ड’ नावाच्या प्रसिद्ध कार्यक्रमात या सगळ्याचा एक साचा असतो आणि त्या साच्याचे नाव आहे ‘नॉर्मल’. नॉर्मल म्हणजे नेहमीचे. पण कोणाचे नेहमीचे? या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या मराठीचेही एक प्रकरण आहे.

छापखान्याच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. छापखान्यात जे खिळे असतील, त्यांत तुमचे पुस्तक निघायचे. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीला लागलेला हा माणूस. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर त्यांना लाभला आणि निर्णयसागरचा देवनागरी टाइप देशभर नावाजला गेला. संस्कृत ग्रंथ म्हटला की तो निर्णयसागरच्या वळणाचाच, अशी वाचकांच्या डोळ्यांना सवय झाली. म्हणजे ठरीव अक्षर तेव्हाही होते. फरक इतकाच, की ते कोणी घडवले हे लोकांना माहीत होते. छापखान्याचे नाव पुस्तकावर असायचे.

आता इंग्रजीकडे पाहू, कारण संगणकाचा पहिला साचा तिथेच तयार झाला. १९२९ साली स्टॅन्ली मॉरिसन या मुद्रणतज्ज्ञाने लंडनच्या ‘द टाइम्स’ वर्तमानपत्राच्या छपाईवर कडक टीका केली. वर्तमानपत्राने त्यालाच कामाला लावले. त्याच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट या चित्रकाराने अक्षरे काढली आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘द टाइम्स’ नव्या टाइपात निघाला. तोच ‘टाइम्स न्यू रोमन’. तो घडवला वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यासाठी. कमी जागेत जास्त शब्द बसावेत आणि तरी वाचता यावेत, ही त्याची गरज. ‘द टाइम्स’ने १९७२ साली हा टाइप सोडला. पण १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर हेच अक्षर घरोघरच्या संगणकांत शिरले आणि पुढे २००३ च्या आवृत्तीपर्यंत ‘वर्ड’चे ठरीव अक्षर राहिले. लंडनच्या एका दैनिकाच्या रकान्यासाठी काढलेल्या अक्षरात जगभरचे अर्ज, प्रबंध आणि राजीनामे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते निवडले होते.

न निवडलेले अक्षर कधी साक्षीदार होऊन उभे राहते, हे अमेरिकेत २००४ साली दिसले. ८ सप्टेंबरला सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या लष्करी सेवेविषयी काही टिपणे दाखवली. टिपणांवर १९७२ आणि १९७३ च्या तारखा होत्या. तो टंकलेखन यंत्राचा काळ. पण लोकांच्या लक्षात आले, की तोच मजकूर आजच्या ‘वर्ड’मध्ये, कोणतीही रचना न बदलता टाइप केला, तर ओळी जवळपास जशाच्या तशा जुळतात. आकड्यापुढची अक्षरेसुद्धा आपोआप लहान होऊन वर चढलेली. दोन आठवड्यांच्या आत, ही टिपणे अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, अशी कबुली वाहिनीला द्यावी लागली. डॅन रादर यांनी मार्च २००५ मध्ये वृत्तनिवेदकाची खुर्ची सोडली.

दुसरे उदाहरण शेजारच्या पाकिस्तानातले. २००७ च्या ‘वर्ड’पासून टाइम्स जाऊन ‘कॅलिब्री’ हे ठरीव अक्षर आले. लुकास द ग्रूट या डच कलावंताचे हे काम. ते सर्वसामान्यांना जानेवारी २००७ पासून मिळू लागले. पनामा कागदपत्रांच्या प्रकरणात चौकशी पथकाने जुलै २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यात नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम यांनी सादर केलेल्या कागदावर बोट ठेवले होते. कागदाची तारीख फेब्रुवारी २००६ आणि अक्षर कॅलिब्री! त्याआधी चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत हे अक्षर होते, असा प्रतिवाद झाला. कोर्टात अक्षरतज्ज्ञाची उलटतपासणी झाली. नवाझ शरीफ यांचे पद गेले ते दुसऱ्या मुद्द्यावर. मरियम यांना जुलै २०१८ मध्ये शिक्षा झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. निकाल काही असो, एका अख्ख्या देशाने त्या उन्हाळ्यात एका फॉन्टचे नाव पाठ केले होते.

सरकारेही या बाबतीत उदासीन नसतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ साली टंकलेखनी वळणाचे ‘कुरिअर’ सोडून टाइम्स न्यू रोमन स्वीकारले. २०२३ साली, दृष्टी अधू असणाऱ्यांना सोपे जावे म्हणून कॅलिब्री आणले. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी पुन्हा टाइम्सवर जाण्याचा हुकूम काढला. दरम्यान २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टने कॅलिब्रीच्या जागी ‘ॲप्टॉस’ नेमले होते.

हे झाले रोमन अक्षराचे. आपल्या घरात काय चालले होते?

नव्वदच्या दशकात मराठी टाइप करणे म्हणजे एकेका कंपनीच्या दारात उभे राहणे होते. प्रत्येकाचा टंक वेगळा, कळफलक वेगळा आणि आतले संकेतही वेगळे. संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे चढवलेले होते. मी एका दिवाळी अंकाला फ्लॉपीवर कविता पाठवली होती. तिथल्या यंत्रावर तो टंक नव्हता. संपादकांचा फोन आला, “कविता मिळाली, पण कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरे आहेत. नवा प्रयोग आहे का?” आम्ही दोघेही हसलो. मात्र तेव्हाच्या कितीतरी फायली आज उघडल्या तर हेच दिसते. ज्यांच्याकडे कागदावरची प्रत नाही, त्यांचे लिखाण गेल्यात जमा आहे.

या गोंधळाला उत्तर म्हणून प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत आली. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातला देवनागरीचा भाग भारतात तयार झालेल्या १९८८ च्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीवर बेतला होता. म्हणजे या सुनावणीला आपली माणसे हजर होती. तरी मराठीचे काही मुद्दे मागे राहिलेच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळे. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये त्याची सोय झाली ती द्राविडी भाषांतला उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेल्या ‘ऱ’ या अक्षराच्या आधाराने. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले.

क्रमांक मिळाला तरी डोळ्यांना दिसायला चेहरा लागतो. २००० साली विंडोजची जी आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंक होता. तो काढला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. आर. के. जोशी (१९३६–२००८) जाहिरातीच्या क्षेत्रात नाव कमावलेले कलावंत. पुढे पवईच्या आयआयटीत त्यांनी अक्षरकला शिकवली आणि नंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या टंकांवर काम केले. आणि मला विशेष वाटते ते हे, की ते स्वतः मराठी कवी होते. अक्षराचा आकार हाच आशय करून कविता लिहिणारे. देशातल्या कोट्यवधी माणसांनी पडद्यावर पहिले देवनागरी अक्षर पाहिले ते एका मराठी कवीच्या हातचे! पण किती जणांना ते ठाऊक आहे? निर्णयसागरचे नाव पुस्तकावर होते. मंगलच्या कर्त्याचे नाव फाइलच्या पोटात राहिले.

मंगल मुळात पडद्यावरच्या सूचना आणि याद्या वाचता याव्यात म्हणून घडवलेला. पण यंत्राने तोच पुढे केला, म्हणून लग्नपत्रिकेपासून शासन निर्णयापर्यंत सगळीकडे तोच वापरला गेला. त्याचे वेगळे जाड अक्षरही बऱ्याच उशिरा आले. २०१२ च्या विंडोज ८ पासून पडद्यासाठी ‘निर्मला’ हा दुसरा टंक आला आणि मंगल मागे पडला.

माझ्या कानावर आणि डोळ्यांवर दोन लिप्यांचे संस्कार आहेत, म्हणून उर्दूचेही सांगतो. उर्दूचे खरे वळण नस्तालीक, उतरत्या ओळीचे. नस्ख हे सरळ वळण आमच्याकडे कुराणशरीफसाठी. उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहायचे. मद्रासमध्ये १९२७ साली सुरू झालेले ‘मुसलमान’ हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानेच लिहिले जात होते. अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोडाकृती लिहून ‘नूरी नस्तालीक’ तयार केले आणि १९८१ साली लाहोरच्या ‘जंग’ने ते वापरले. तरीही संगणकाने उर्दूला ठरीव म्हणून दिले ते नस्खच. विंडोजमध्ये सोबत मिळणारे नस्तालीक यायला २०१२ साल लागले. ज्यांनी आयुष्यभर गझल नस्तालीकमध्ये वाचली, त्यांना पडद्यावरची गझल परकी वाटायची. शब्द तेच, वजन तेच, पण चालण्याची ढब दुसऱ्याची.

मराठीत हीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’च्या बाबतीत घडते आहे. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपे प्रमाण ठरवली. पण बहुतेक टंकांत न मागता मिळतो तो हिंदी वळणाचा ल. दोष हिंदीचा नाही. देवनागरी म्हटली की यंत्र हिंदी गृहीत धरते, इतकेच. मजकुराची भाषाही पुष्कळदा हिंदी धरलेली असते. मग शुद्ध मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात आणि लिहिणाऱ्याला वाटते, आपलेच चुकले.

हे बदलता येते. अक्षराच्या चौकटीत इंग्रजीचा टंक वेगळा आणि आपल्यासारख्या लिप्यांचा वेगळा निवडायची सोय असते. तिथे आवडीचा मराठी टंक घ्यावा, मजकुराची भाषा मराठी करावी आणि ‘डिफॉल्ट’चे बटण दाबावे. हे याच कागदापुरते, की नॉर्मल साच्यावर निघणाऱ्या सगळ्या कागदांसाठी, असे यंत्र विचारते. ‘सगळ्या’ म्हणावे. चांगल्या टंकांत ल-श ची दोन्ही वळणे ठेवलेली असतात. भाषा मराठी आहे असे सांगितले की आपले वळण पुढे येते. दोन मिनिटांचे काम आहे. शाळा, ग्रंथालये, नगरपालिका यांनी ते एकदा केले, तर तिथून निघणारा प्रत्येक कागद त्या वळणाचा होईल.

आजचे मूल पाटीच्या आधी फोन पाहते. शाळेत बाई पाकळीचा ल गिरवून घेतात आणि फोनवर दुसराच ल दिसतो. यातला बरोबर कोणता, असे त्याने विचारले तर काय सांगणार? दोन्ही बरोबर आहेत, एक आपला आहे आणि दुसरा आपण हजर नव्हतो म्हणून आलेला आहे, एवढे तरी त्याला सांगता आले पाहिजे. पुढच्या तारखेला हजर राहायचे की नाही, ते मग तेच ठरवेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)