मधुमेही हृदयरुग्णांसाठी बायपास की स्टेंट : ‘फ्रीडम’ चाचणीचा निष्कर्ष

एकाहून अधिक हृदयधमन्यांत अडथळे असलेल्या मधुमेही रुग्णांसाठी बायपास शस्त्रक्रिया हितावह की औषधलेपित स्टेंट, याचा शोध ‘फ्रीडम’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने घेतला. डॉ. व्हॅलेंटिन फुस्टर यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत १९०० रुग्ण सहभागी होते. निष्कर्ष नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचे पाच वर्षांतील एकत्रित प्रमाण स्टेंट गटात २६.६ टक्के, तर बायपास गटात १८.७ टक्के आढळले. केवळ पक्षाघात मात्र बायपास गटात अधिक, म्हणजे ५.२ टक्के होता. स्टेंट गटात तो २.४ टक्के होता. त्यामुळे अशा रुग्णांसाठी सामान्यतः बायपासला प्राधान्य दिले जात असले, तरी अंतिम निर्णय रुग्णाची एकूण प्रकृती पाहूनच घेतला जातो.