ओगादेन : सोमाली नागरिकांवरील अत्याचार आणि अपुरा न्याय

ओगादेन हा इथिओपियाच्या पूर्वेकडील सोमाली प्रदेशाचा भाग आहे. येथील बहुसंख्य रहिवासी सोमालीभाषक पशुपालक आहेत. या भूभागावरील सोमालियाच्या दाव्यातून १९७७-७८ चे युद्ध झाले. त्यात सोमालियाचा पराभव झाला. पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ओगादेन राष्ट्रीय मुक्ती आघाडीने स्वयंनिर्णयासाठी सशस्त्र लढा दिला.

एप्रिल २००७ मध्ये आघाडीने चिनी कंपनीच्या तेलक्षेत्रावर केलेल्या हल्ल्यात नऊ चिनी कामगारांसह ७० हून अधिक जण ठार झाले. त्यानंतर लष्कराने मोठी मोहीम उघडली. गावे जाळणे, सक्तीचे स्थलांतर, हत्या, बलात्कार आणि छळ अशा घटनांची नोंद ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने जून २००८ च्या अहवालात केली. व्यापारबंदीमुळे पशुपालकांच्या उपजीविकेवरच घाला आला. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला जुलै २००७ मध्येच प्रदेशाबाहेर काढण्यात आले होते. जळालेल्या गावांच्या खुणा उपग्रह छायाचित्रांतही आढळल्या. इथिओपियाने मात्र सर्व आरोप फेटाळले.

नंतरच्या काळात ‘लियू पोलीस’ या प्रादेशिक निमलष्करी दलावर तसेच जिजिगा येथील ‘जेल ओगादेन’ या तुरुंगातील छळाबाबत गंभीर आरोप झाले. २०१८ मध्ये तुरुंग बंद झाला, प्रदेशाध्यक्ष अब्दी मोहमूद ओमर यांना अटक झाली आणि आघाडीशी शांतता करारही झाला. तथापि, २०२४ मध्ये आरोप मागे घेऊन ओमर यांची सुटका करण्यात आली. परिणामी, पीडितांच्या न्यायाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.