नाव कोणाचं जातं?

आपलं मुरुड लातूरचं. दुसरं मुरुड कोकणात, दापोलीजवळ. ते कर्व्यांचं गाव. आजचा विषय, कॉलेजातल्या मुली आणि लग्नाविना जुळणारी तात्पुरती नाती, तिकडूनच सुरू करावा लागतो.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. मुली शिकू लागल्या, लग्नं लांबली. मग मधल्या वर्षांत मनाचं आणि शरीराचं काय, हा प्रश्न आला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले.

हिंगण्याला शिकलेल्या बाळूताई खरे यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं १९३३ला. शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यात होती. पुस्तकावर नाव मात्र ‘विभावरी शिरूरकर’! रघुनाथराव स्वतःच्या नावानं बोलले. बाईंनी टोपणनाव घेतलं.

कायद्याचंही तसंच. १९७१च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसल्याची सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनाच होती. ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द यायला २०२१ उजाडलं. पन्नास वर्षं! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, अविवाहितेला वेगळा न्याय लावता येणार नाही.

कायदा बदलला, घर बदललं का? आज खेड्यातली मुलगी लातूरला खोली करून राहते. कोणाशी तरी जुळतं. कधी आनंदाचं असतं, कधी तिला जास्त हवं असतं आणि त्याला नको असतं. ते दुःख ती पचवेल. पण गावात कळलं, तर मुलाला दोन शिव्या आणि मुलीचं कॉलेज बंद, स्थळं बघणं सुरू.

हे मुलालाही ठाऊक असतं. म्हणून ‘घरी फोटो पाठवीन’ एवढी धमकी पुरते. कांट म्हणतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. ‘नाही’ म्हणायची सोय नसेल, तिथला ‘हो’ हा होकार नव्हेच. आणि ती सोय आपण, आई-बापच, काढून घेतो.

ही नाती चांगली की वाईट, यावर वाद घालू. पण आधी घरी गेल्यावर मुलीला एक शब्द द्या: काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. धमकी देणाऱ्याच्या हातातलं हत्यार तेवढ्यानं गळून पडेल.

आता प्रश्न घेऊ. मुलींनी आधी विचारावेत.