न लिहिलेला निरोप

१८५७ साल नुकतेच उजाडले होते. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल कचेरीत आला, तर टेबलावर चार लहान, जाड्याभरड्या पोळ्या. चौकशीत कळले ते इतकेच: कुणी अनोळखी माणूस एका गावात आला, चौकीदाराच्या हाती पोळी दिली आणि म्हणाला, अशाच चार भाज, शेजारच्या गावांच्या चौकीदारांना दे आणि त्यांनाही असेच करायला सांग. चौकीदाराने सांगितले तसे केले. शिवाय पोलिसांतही वर्दी दिली.

पुढच्या काही आठवड्यांत उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून अशाच वर्द्या येत राहिल्या. पोळी फोडून पाहिली तर आत चिठ्ठी नाही, वर खूण नाही. देणाऱ्याला विचारावे तर तो मागच्या गावाकडे बोट दाखवी.

आज मोबाइलवर एखादी गोष्ट तासाभरात देशभर होते, तेव्हा तिच्यात असे काय होते, असे आपण विचारतो. पोळीत तर काहीच नव्हते. होती फक्त पुढे देण्याची रीत, आणि ती पोळीबरोबरच हातात पडत होती. चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट. कागदावर हिशेब केला तर पाचव्या फेरीला हजार ओलांडतात. गावे एकमेकांत मिसळलेली असल्याने प्रत्यक्षात इतके होत नाही, आणि आकडाही जागोजागी बदलत होता. पण प्रत्येकाने करायचे काम छोटे होते: मूठभर पीठ आणि कोसभर चाल. एवढ्यासाठी कोण नाही म्हणेल?

त्यातही निवडलेला माणूस पाहा. चौकीदार. गावाची खबर ठाण्यावर नेणे, वरचा निरोप पुढच्या गावाला पोचवणे हे त्याचे रोजचेच काम. अनेक चौकीदारांना हा सरकारचाच हुकूम वाटला. ज्या वाटांनी कंपनीचा कारभार चालत होता, त्याच वाटांनी पोळी चालली होती, आणि ती अडवायची जबाबदारी ज्यांच्यावर, तेच ती वाहून नेत होते.

रणजित गुहा यांनी १९८३ मधल्या आपल्या शेतकरी उठावांवरील ग्रंथात या पोळ्यांचा विचार गावाबाहेर रोगराई घालवण्याच्या विधींच्या अंगाने केला आहे. साथ आली की तिचे प्रतीक एखाद्या वस्तूत घालून ती वस्तू शिवेपलीकडे सोडायची. ही चाल आपल्याकडेही अनोळखी नाही. मला हे पटते, कारण त्यातून पोळी का थांबली नाही हे उमगते. अशी वस्तू घरात ठेवून घेणे म्हणजे गावाची पीडा स्वतःच्या दारात बांधून ठेवणे. पुढे देण्यात धाडस नव्हते. धाडस लागले असते ते न देण्याला.

अर्थ मागाहून आले, आणि ज्याच्या त्याच्या भयाप्रमाणे आले. जानेवारीतच डमडमहून चरबीच्या काडतुसांची बातमी फुटली होती. पिठात हाडांची भुकटी मिसळतात अशीही कुजबुज होती. तेव्हा कुणाला वाटले, सरकार सगळ्यांना एकच अन्न खायला लावून धर्म बुडवणार. साहेबांना वाटले, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे. त्यांनी पत्रे लिहिली, अहवाल मागवले, वर्तमानपत्रांनी तर्क छापले. म्हणजे पोळी आता इंग्रजीतूनही फिरू लागली. १० मे रोजी मेरठला शिपाई उठले आणि मागे वळून पाहणाऱ्याला ती पोळी म्हणजे उठावाचीच हाक वाटू लागली. सावरकरांच्या ग्रंथात ती लाल कमळाच्या जोडीने क्रांतीची दूत होऊन येते.

त्याच वर्षी पेणजवळच्या वरसईहून उत्तरेला निघालेले विष्णुभट गोडसे वाटेत काय ऐकतात, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे काढली आहेत, ही वार्ता त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आली आहे. शंभर नव्हे, पन्नास नव्हे, चौऱ्याऐंशी! इतका नेमका आकडा ऐकला की कुणीतरी ती कलमे मोजली असणार असेच वाटते. पोळी रिकामी होती म्हणून पसरली, ही वार्ता भरगच्च होती म्हणून. दोन्हींच्या मुळाशी जातधर्म जाण्याची तीच धास्ती होती. ती नसती तर पोळी पोळीच राहिली असती आणि कुणी खाऊनही टाकली असती.

१८५८ मध्ये लाल किल्ल्यात बहादूरशाह जफरवर खटला चालला, तेव्हा पोळ्यांचा प्रश्न साक्षीदारांना विचारला गेला. उत्तरे जुळली नाहीत. कुणी ती अरिष्ट टाळण्याची रीत म्हटली, कुणी सरकारचाच डाव.

दिल्लीत पहाडगंजचा ठाणेदार होता मुईनुद्दीन हसन खान. त्याच्याकडे इंद्रपतच्या चौकीदाराने वर्दी आणली होती; तिथे पाच पोळ्या भाजायच्या होत्या. साहेबाने त्याला खाजगीत विचारले, याचा अर्थ काय? त्याने वडिलांकडून ऐकलेले सांगितले: मराठ्यांची सत्ता कोसळण्याच्या सुमारासही धान्याचे एक कणीस आणि भाकरीचा तुकडा असाच गावोगाव फिरला होता.