पसंतीचा वाहनक्रमांक

मोटारवाहनाला किंवा शर्यतीच्या गाडीला ओघाने येणारा क्रमांक न स्वीकारता मालकाने अथवा चालकाने स्वतः निवडून घेतलेला क्रमांक. सरकारी कागदावर त्याला 'आकर्षक क्रमांक' किंवा 'पसंतीचा क्रमांक' म्हणतात. परिवहन कार्यालयाबाहेरच्या टपरीवर तो 'चॉइस नंबर', 'फॅन्सी नंबर' किंवा 'व्हीआयपी नंबर' असतो. रस्त्यावरची नोंदणी आणि शर्यतीतली गाडी ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून फार दूर आहेत. तरी माणूस आकडा का निवडतो, याची उत्तरे दोन्हीकडे जवळपास तीच येतात.

केळापूर (जि. यवतमाळ) हे उदाहरण म्हणून सोयीचे आहे. तालुक्याचे नाव केळापूर, तर कचेरी पांढरकवड्याला. श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग येथून जातो. येथे तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ होता. २०१० च्या फेररचनेत तो ४४ झाला, म्हणजे येथे रस्त्याचाही क्रमांक बदललेला आहे. दक्षिणेला पाटणबोरी आणि पिंपळखुटीचा सीमा तपासणी नाका, आणि पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. त्यामुळे या पट्ट्यातील माणसाला पाट्या वाचण्याची सवय असते. एमएच-२९ म्हणजे यवतमाळ, अर्थात 'आपल्या पासिंगची'. एमएच-३४ चंद्रपूरची, एमएच-३२ वर्ध्याची, एमएच-३१, ४० आणि ४९ नागपूरच्या. आदिलाबादची गाडी आधी एपी-०१ होती, तेलंगण राज्य झाल्यावर टीएस-०१ झाली आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्या टीजी-०१ म्हणून येतात. एकाच गावातील तीन पिढ्यांच्या गाड्या तीन राज्यांच्या वाटाव्यात, असा हा प्रकार आहे.

पाटीवरचा पहिला अर्धा भाग कोणालाच निवडता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार १९८९ पासून देशभर राज्याची दोन अक्षरे, नोंदणी कार्यालयाचा अंक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे अशी रचना लागू झाली. महाराष्ट्राने अंक विभागवार वाटले : अमरावतीला २७, बुलढाण्याला २८, यवतमाळला २९, अकोल्याला ३०. वाशिम जिल्हा १९९८ मध्ये झाला म्हणून त्याला रांगेच्या शेवटी ३७ मिळाला. मालिकेच्या अक्षरांत 'आय' आणि 'ओ' वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य म्हणून वाचली जातात. उरतात ते शेवटचे चार आकडे, ०००१ ते ९९९९. हौस, श्रद्धा, प्रतिष्ठा आणि पैसा यांचा सारा खेळ या चार घरांत चालतो.

क्रमांक मागण्याची रीत साधी आहे. नवी मालिका सुरू होणार असल्याचे कार्यालय जाहीर करते. इच्छुक व्यक्ती ठरलेल्या शुल्कासह अर्ज देते. एकाच क्रमांकावर दोघांचा डोळा असला तर जादा रकमेची बंद पाकिटे मागवतात. ज्याच्या पाकिटात रक्कम मोठी, क्रमांक त्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे शुल्क वाढवले. चारचाकीसाठी ०००१ चे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाले. मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांत ते ४ लाखांवरून ६ लाखांवर गेले. दुचाकीसाठी तोच क्रमांक ५० हजारांऐवजी १ लाखाला पडतो. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ यांचे चारचाकीचे शुल्क दीड लाखावरून अडीच लाख झाले. आपल्या वाहनाच्या चालू मालिकेत क्रमांक उरला नसेल आणि तो दुसऱ्या मालिकेतून हवा असेल, तर तिप्पट द्यावे लागतात. म्हणजे मुंबईत ०००१ साठी १८ लाख. तेवढ्यात एक चांगली मोटार येते, पण क्रमांक घेणाऱ्याला ती नको असते. ती त्याच्याकडे आधीच असते.

शुल्काची यादी वाचली की लोकांच्या मनात कोणते आकडे आहेत हे कळते. नऊचे प्राबल्य उघड आहे. अंकज्योतिषात नऊ हा मंगळाचा अंक. शिवाय त्याला कशानेही गुणले तरी उत्तरातील आकड्यांची बेरीज फिरून नवावरच येते, हे शाळेतच कळलेले असते. ७८६ हे 'बिस्मिल्लाह…' या पूर्ण वाक्याचे अरबी अक्षरमूल्यांनी काढलेले एकूण. ०१०१, ११११, ५१५१ यांच्यामागे आहेराच्या पाकिटावरचा जादा रुपया आहे : शून्यावर संपणारी रक्कम देऊ नये, तिला एकाचा शकुन लावावा. ज्यांना शुल्कयादीतील क्रमांक परवडत नाही ते आकड्यांची बेरीज पाहतात. बेरीज नऊ आली की चेहरा खुलतो, आठ आली की शनी आठवतो. वास्तविक ९,९९९ क्रमांकांच्या पूर्ण मालिकेत बेरीज करत करत नवावर येणारे क्रमांक बरोबर १,१११ असतात, आणि आठावर येणारेही तितकेच. भाग्याचा पुरवठा दुर्भाग्याइतकाच आहे. मागणीत मात्र फरक आहे.

टाळण्याचे आकडे भाषेतून आलेले आहेत. युरोपात तेराची जी दहशत आहे ती मराठीत सुटी सापडत नाही. आपल्याकडे तेराला तीनची सोबत लागते, मगच 'तीनतेरा' होतात. बारा हा आकडा 'वाजतो'. 'चारशेवीस' भारतीय दंड संहितेच्या कलमातून आला. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू झाले, तरी ३१८ क्रमांकाची गाडी पाहून अद्याप कोणी हसत नाही. ३६ मध्ये आकडे एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून तो वैराचा, आणि ६३ मध्ये समोरासमोर येतात म्हणून सख्याचा. ही गंमत देवनागरी आकड्यांची आहे. पाटीवर इंग्रजी अक्षरे व आकडेच चालतात, असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा दंडक असल्यामुळे ती पाटीवर उमटत नाही, मालकाच्या डोक्यात राहते.

ही अडचण ओलांडण्यासाठी महाराष्ट्रात आकड्यांतून अक्षरे काढण्याची एक कलाच रूढ झाली. इंग्रजी आकड्यांत लिहिलेला ८०५५ थेट 'बॉस' असा वाचता येतो. २१४ मध्ये दोनाचा 'र', एकाचा काना आणि चाराचा 'म' करून 'राम' साधतात. ४९१२ चे 'पवार' होते. चौकस वाचकाच्या लक्षात येईल की येथे चाराचा 'प' झाला आणि 'राम' लिहिताना त्याचाच 'म' झाला होता. या लिपीत व्याकरणापेक्षा पाटी रंगवणाऱ्याचा हात महत्त्वाचा होता. नियमाने ही पाटी बेकायदा, कारण आकडे वाकडेतिकडे काढण्यास मनाई आहे, आणि पोलिसांनी दंडही केले. या कलेला खरी उतरती कळा लागली ती उच्च सुरक्षा नोंदणी पाटीमुळे. अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला कायमचा ओळखक्रमांक आणि एकदा बसवले की पुन्हा न वापरता येणारे कुलूप, अशी ही पाटी १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती बसवण्याचा आदेश निघाला आणि मुदत २०२५ मध्ये पुनःपुन्हा वाढवावी लागली. आता २१४ हा २१४ च दिसतो. राम पाहायचा तर मालकाने सांगावा लागतो, किंवा मागच्या काचेवर चिकटवावा लागतो.

शर्यतीच्या गाडीवरचा क्रमांक मुळात प्रेक्षकांसाठी आणि वेळ नोंदवणाऱ्यांसाठी आहे. १८९४ च्या पॅरिस–रुआं स्पर्धेत सर्वांत आधी पोहोचलेल्या काउंट द दियोंच्या वाफेच्या गाडीवर ४ हा आकडा होता. इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत तर क्रमांक म्हणजे घड्याळच असे : गाडी ज्या वेळेला सुटे तोच तिचा क्रमांक. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसच्या विजेत्या मर्सिडीजवरचा ७२२ म्हणजे सकाळचे ७ वाजून २२ मिनिटे. तो कोणी निवडलेला नव्हता, तरी आज तो शर्यतींच्या इतिहासातील नावाजलेल्या क्रमांकांपैकी एक आहे.

फॉर्म्युला वन या सर्वोच्च स्पर्धेत १९७४ पासून क्रमांक संघांना मिळत. विजेत्याला १, त्याच्या सहकाऱ्याला २. इतर संघ वर्षानुवर्षे आपलेच जुने आकडे वापरत. फेरारीच्या चाहत्यांच्या मनात २७ बसला तो असाच, जिल व्हिलनव्हमुळे. विजेताच स्पर्धा सोडून गेला तर १ कोणाला द्यायचा, हा पेच १९९३ मध्ये नायजेल मॅन्सेल गेल्यावर पडला. १ रिकामा ठेवून डेमन हिलला ० दिला गेला. पुढच्या वर्षी आलँ प्रोस्ट निवृत्त झाल्यावर पुन्हा तेच. १९९६ पासून संघांच्या आदल्या वर्षीच्या स्थानानुसार क्रमांक फिरू लागले. त्यामुळे नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला तेव्हा त्याच्या गाडीवर १९ होता, तर करुण चंढोकच्या गाडीवर २०१० मध्ये २०. दोघांनाही आकडा मिळाला; निवडता आला नाही. चालकाने स्वतः क्रमांक निवडण्याची मुभा २०१४ मध्ये आली, आणि त्यानंतर एकही भारतीय चालक या स्पर्धेत उतरलेला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२३ फॉर्म्युला टू या खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत होता, पण तेथे क्रमांक संघाच्या क्रमाने ठरतो.

२०१४ च्या नियमाने प्रत्येक चालकाने २ ते ९९ मधील एक आकडा कारकिर्दीभरासाठी घ्यायचा आणि १ फक्त विजेत्यासाठी राखायचा असे ठरले. दोघांनी एकच मागितला तर आदल्या वर्षी पुढे असलेल्याचा हक्क. येथे बंद पाकीट नाही. निवडीमागची कारणे मात्र परिवहन कार्यालयातल्या रांगेत सहज खपतील अशी आहेत. निको रोझबर्गने ६ घेतला, कारण वडील केके १९८२ मध्ये ६ क्रमांकावर विजेते झाले होते. जॉर्ज रसेलचा ६३ त्याच्या भावाचा. ही निवड मराठी माणसाला लगेच पटावी. फर्नांडो अलोन्सो सांगतो की चौदाव्या वर्षी, १४ जुलैला, १४ क्रमांकाच्या कार्टवर, म्हणजे छोट्या शर्यतगाडीवर, तो कार्ट शर्यतींचा जागतिक विजेता झाला. शार्ल लक्लेरला ७ हवा होता, पण तो किमी रायकोनेनकडे होता. मग जन्मतारीख १६ आणि एक अधिक सहा सात, असा हिशेब करून त्याने १६ घेतला. यवतमाळमधला कोणीही अंकज्योतिषी त्याला हेच सांगता, आणि दक्षिणाही घेता. व्हाल्टेरी बोटासने आडनावातल्या दोन 'टी'च्या जागी ७७ बसवला. आकड्यांतून 'बॉस' वाचणाऱ्यांचा हा फिनलंडमधला भाऊबंद. पास्टर मालडोनाडोने मुद्दाम १३ मागितला आणि तो सहज मिळाला.

'एक नंबर' ही मराठीतली सर्वांत स्वस्त शाबासकी आहे. मिसळीला आणि सिनेमाला आपण ती सारखीच देतो. त्यामुळे लुइस हॅमिल्टनने विजेता झाल्यावरही १ नाकारून लहानपणीच्या कार्टवरचा ४४ पुढे चालवला, याचे नवल वाटते. केळापूरवरून जाणाऱ्या महामार्गाचाही क्रमांक ४४, हा निव्वळ योगायोग. पण पांढरकवड्यातल्या एखाद्या शर्यतवेड्या पोराने तो हातचा सोडू नये. मॅक्स व्हर्स्टापेनने मात्र विजेतेपदाच्या काळात ३३ बाजूला ठेवून १ मिरवला.

केळापूर–पांढरकवडा भागात मोटारशर्यतीचा मार्ग नाही. वेगाची येथली जुनी ओढ शंकरपटाची आहे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये आलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून विदर्भात पट पुन्हा भरू लागले. तेथे जोडी बैलांच्या आणि मालकाच्या नावाने ओळखली जाते, आकड्याने नव्हे. धावणारी वस्तू यंत्र झाली की तिला ओळखायला आकडा लागतो, आणि मग त्या आकड्यातच मालक मुलीची जन्मतारीख, लग्नाचा दिवस, वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर शोधू लागतो.

निवडलेला क्रमांक किती काळ आपला, याबाबत दोन्ही क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत. शर्यतीत चालक निवृत्त झाल्यावर त्याचा आकडा काही काळाने इतरांसाठी मोकळा होतो. अपवाद १७ चा. ज्यूल्स बियांकीला ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानच्या सुझुका येथे अपघात झाला, जुलै २०१५ मध्ये तो वारला आणि त्याचा आकडा कायमचा बाजूला ठेवण्यात आला. रस्त्यावर क्रमांक माणसाचा नसून गाडीचा असतो. २०२४ च्या अधिसूचनेने तो जोडीदार, मुलगा वा मुलगी यांच्या नावे करण्याची सोय दिली. एरवी गाडी विकली की पाटी तिच्याबरोबरच जाते. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'नंबर चांगला आहे' म्हणून दलाल पाच-दहा हजार जास्त सांगतो. घेणारा आकड्यांची बेरीज करून पाहतो. ती तारीख कोणाच्या वाढदिवसाची होती, हे त्याला ठाऊक नसते.