काटा सांगतो ते अर्धंच

आमच्या लहानपणी रेल्वे स्टेशनावर वजनाचं मशीन असायचं. नाणं टाकलं की रंगीत दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या अब्बांचं वजन नेहमी साठाच्या आतच. शिलाई मशीनवर बसून दिवस जायचा. हातपाय काड्या, फक्त सदऱ्याखाली लहानसं पोट. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली, ‘या काडीपैलवानाला कसली साखर!’ आम्हीही तेच म्हणत वर्ष घालवलं. तोवर एक डोळा अधू झाला होता.

वजनावरून आरोग्य ठरवायचा हा हिशेब आला कुठून, हे मी नंतर शोधलं. तो मांडणारा डॉक्टर नव्हताच. बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. मोठ्या माणसाचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, असं त्यांना आढळलं. पुढे १९७२ साली अमेरिकेचे अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासल्या आणि या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, झालं! त्या नोंदींत बायका नव्हत्या आणि भारतही नव्हता.

सूत्र खोटं नाही. मोठ्या समूहाचा अंदाज त्यातून येतो. पण चरबी किती आणि ती कुठे साठली, हे त्यातून कळत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण जगापुढे ठेवलं. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्यातली बरीच माणसं अशीच, दिसायला बारीक आणि आतून जाड. त्याच वर्षी आशियाई लोकांसाठी २५ऐवजी २३पासूनच सावध व्हावं, असं तज्ज्ञांनी सुचवलं. २०२५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगानंही सांगितलं, की नुसत्या निर्देशांकावरून लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबरही मोजा. भारतीय पुरुषासाठी ही मर्यादा ९० सेंटीमीटर, बाईसाठी ८०.

अब्बांच्या गळ्यात जन्मभर टेप होती. हजारो गिऱ्हाइकांच्या कमरा त्यांनी मोजल्या. त्यांची कंबर मात्र आम्ही कुणी कधी मोजली नाही. मित्रहो, तुमच्या घरातल्या बारीक माणसाची मोजा. आणि त्याची साखरही एकदा तपासून घ्या.